पावणेतीन वाजताचे बाबा

१२ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र आणि मेणाचा नमुना दोन्ही पोचलं. नमुन्याच्या एका कोपऱ्यातला टवका टपालात उडालेला आहे. अशी वस्तू दोन पुठ्ठ्यांमध्ये घालायची असते, एक आडवा आणि एक उभा, म्हणजे वाकत नाही. हे मी तुला पूर्वी दोनदा लिहिलं आहे.

नमुना खिडकीपाशी नेऊन पाहिला. बासष्टाव्या वर्षी, जन्मभर इंजेक्शनं टोचून झाल्यावर, एखाद्या नर्सला मेण वितळवून चित्रं काढावीशी वाटली तर माझं काही म्हणणं नाही. फळीवर गरम मेणाचा थर, त्यात बँडेजची जाळी, वर पुन्हा थर, आणि त्या सगळ्याच्या तळातून वर येणारा निळा रंग. निळा चांगला उतरला आहे. बाकीच्याबद्दल विचार करून लिहीन.

मनगटाचं विचारलं आहेस. डॉक्टरांचं मत असं की डावं मनगट झिजलं आहे. पस्तीस वर्षं रोज स्क्वीजी ओढली, रबराच्या पट्टीने शाई जाळीतून दाबून काढली, त्याचा हा परिणाम. आता डाव्या हाताने ओढणं कायमचं बंद. ते म्हणाले, उजव्याने ओढा. मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्या घराण्याची छपाई डाव्या हाताची आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तुला ठाऊकच आहे, पण नोंद असावी म्हणून लिहितो. बाबा गेले तेव्हा मी अडीच वर्षांचा. मला कोणी शिकवलं नाही. दुकानात समोर लावलेला बाबांचा तो एकच फोटो माझा गुरू. डाव्या हातात स्क्वीजी, उजव्या हाताने चौकटीची कड धरलेली, कागदांचा गठ्ठा उजवीकडे, वाळवायचा रॅक डावीकडे, आणि मागच्या नुसत्या रेघांच्या, बिनआकडी घड्याळात पावणेतीन. मी टेबल तसंच लावलं, बिजागऱ्या तशाच बसवल्या. बाबा पावणेतीनपर्यंत उभे असायचे म्हणून मीही त्याआधी कधी जेवायला बसलो नाही. दोन कारागीर ठेवून पाहिले, दोघेही 'या टेबलावर सगळंच उलटं आहे' म्हणून निघून गेले. उजव्या हाताने ओढायचं म्हणजे त्या फोटोसमोर उभं राहून बाबांना खोटं पाडायचं. ते माझ्याने होणार नाही.

तेव्हा ठरलं आहे. ३१ मार्चला दुकान बंद. टेबल, चौकट्या आणि रॅक पलीकडच्या गल्लीतला छपाईवाला नेणार आहे. तो म्हणतो, बिजागऱ्या फिरवून टेबल 'सरळ' करून घेईन.

मला वाईट वगैरे वाटत नाही. कळावे.

तुझा भाऊ

---

२० जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद. बावन्न वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणू नये असं तू मागे लिहिलं होतंस. वाचलं होतं.

तो टवका टपालात उडालेला नाही. मी मुद्दाम पत्र्याने खरवडला आहे. वरचा थर काढला की खालचा रंग दिसतो, मेणाच्या कामात तीच तर गंमत आहे. पुठ्ठ्यांबद्दल आभार.

मनगटाबद्दल मी नर्स म्हणून बोलते, बहीण म्हणून नाही. डॉक्टर बरोबर आहेत. तू जेवतोस उजव्या हाताने, लिहितोस उजव्या हाताने, भांडताना बोट नाचवतोस तेही उजवंच. ओढतोस तेवढा डाव्याने. मी यावर जास्त लिहीत नाही. फोनवर तर तू मला वाक्यच पुरं करू देत नाहीस, म्हणून तर पत्रं लिहायची आपली पद्धत पडली.

माझं एक काम कर. आमच्या मेणचित्रांच्या वर्गाचं प्रदर्शन पंधरा मार्चपासून महिनाभर आहे. प्रत्येकाने एक मोठी फळी करायची. मला बाबांचा तो फोटो मेणात घ्यायचा आहे. आमच्या बाईंनी रीत दाखवली ती अशी: चित्र स्क्रीनने अगदी पातळ, मिशीच्या केसाइतक्या पातळ कागदावर छापायचं. तो कागद गरम मेणात बसवला की पारदर्शक होतो, दिसेनासाच होतो, आणि छपाई तेवढी मेणात तरंगत राहते. बाईंच्या ओळखीचा छपाईवाला आहे, पण बाबांना परक्याच्या हातात द्यावंसं वाटेना.

सहा प्रती हव्यात. फोटो जसा आहे तसाच छाप. तुझी अक्कल लावून सुधारू नकोस.

दुकान बंद करायचं तर कर. पण त्याआधी हे शेवटचं काम समज.

ताई

---

२ फेब्रुवारी

ती. ताई,

मिशीचा केस आणि कागद यांची तुलना चूक आहे. केस पुष्कळ जाड असतो. असो.

सोबत नऊ प्रती. सहा मागितल्या होत्यास, पण परक्या छपाईवाल्याचं नाव काढल्यावर सहावर थांबणं शक्य नव्हतं. क्रमांक मागे पेन्सिलीने घातले आहेत. सातवी सर्वोत्तम, दुसरी फक्त सरावासाठी.

फोटो भिंतीवरून उतरवला आणि चौकटीतून काढला. तो पुठ्ठ्याला चिकटवलेला आहे, तसाच ठेवला. त्याची ठिपक्यांची फिल्म केली, सेंटिमीटरला नव्वद धाग्यांच्या जाळीवर उतरवली. यापेक्षा बारीक तपशील कोणी काढून दाखवावा. बाबांच्या शर्टाचा खिसासुद्धा स्पष्ट आला आहे, आणि तो उजव्या छातीवर आहे हे तुझ्या वर्गातल्या लोकांना दाखव. डावखुऱ्या माणसाला पेन्सिल काढायला तोच सोयीचा. मीही माझे सगळे शर्ट तसेच शिवून घेतो. शिंपी तीस वर्षं कुरकुरतो आहे, पण शिवतो.

मागे भिंतीला टेकवलेली पाटीही वाचता येते, आरशात धरली तर. 'जपून हाताळा'. लोक विचारतात की अक्षरं उलटी कशी. सोपं आहे. ती काचेची पाटी असणार, मागच्या बाजूने छापलेली, म्हणून इकडून उलटी दिसते. आणि काचेच्या पाटीवर 'जपून हाताळा' असावं हे योग्यच आहे. फोटो नीट वाचायला शिकलं की सगळ्याचा उलगडा होतो.

शाई मी प्लास्टिकवर छापायची वापरली आहे. ती ऊन, पाणी, तेल, कशालाच दाद देत नाही.

महत्त्वाचं: प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'ही बाजू पाहणाऱ्याकडे' असं छापलं आहे. कागद पारदर्शक होणार म्हणतेस, तर तो उलटा बसण्याचा धोका आहे. तुझा स्वभाव पाहता ही सूचना गरजेची होती.

नऊ प्रती डाव्याच हाताने ओढल्या. बायकोने दोन दिवस अबोला धरला आहे. एरवी दुकानात बोलण्याचा व्यत्यय असतो, तो नव्हता.

तुझा भाऊ

---

११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी शाई कशालाच दाद देत नाही म्हणालास. माझ्या मेणाला तिने दिली.

सातवी प्रत पहिली घेतली, तुझ्यावर विश्वास ठेवून. मेण ओतलं, वरून गरम हवेची बंदूक फिरवली, कारण थर एकमेकांत मुरायला प्रत्येक थर पुन्हा तापवावा लागतो. तर दुधावर साय धरते तशी शाई गोळा व्हायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आल्या, ज्या त्यांना कधी आल्याच नाहीत. पाठोपाठ असा वास सुटला की आमचे बारा जण आणि बाई अंगणात जाऊन उभे राहिले. एक आजोबा म्हणाले, 'प्रदर्शनात हे असंच ठेवा, लोक लवकर पांगतील.'

बाई म्हणतात, मेणाखाली प्लास्टिकची शाई चालत नाही. कापडावर छापतात ती पाण्याची शाई घ्यायची. रागावू नकोस. पुन्हा छापून दे, पण तीनच. आणि मनगटाला पट्टा बांधून.

ताई

---

१६ फेब्रुवारी

ती. ताई,

शाईत दोष नाही. तुझी बंदूक फार जवळ धरली गेली असणार. किमान वीत-दीड वीत अंतर हवं आणि हात हलता हवा. तुझ्या बाईंना मेण कळत असेल, शाईबद्दल त्यांनी मला सांगू नये.

तरीपण, केवळ तुझ्या हट्टाखातर, पाण्याच्या शाईने तीन प्रती छापल्या आहेत. सोबत जुन्या जाळीचा एक तुकडाही ठेवला आहे. बँडेज मेणात घालतेस तर हाही घाल. पहिल्यांदा मी स्वतः ताणून बसवलेली जाळी आहे ती. दुकान बंद होताना असल्या चिंध्या सांभाळून काय करायच्या.

तुझा भाऊ

(याच पाकिटात, वेगळ्या चिठ्ठीवर)

वन्सं, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून दोन ओळी घालते. यांना सांगू नका.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी यांनी मेणबत्त्यांचे दोन पुडे आणले आणि दूध तापवायच्या पातेल्यात वितळवले. बंदूक नव्हती म्हणून माझा केस वाळवायचा ड्रायर घेतला. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा सुरकुत्याच आल्या. अंतर वीतभर, दीड वीत, हातभर, सगळं झालं. मग म्हणाले, मेणबत्तीचं मेण मधमाशीच्या मेणासारखं नसतं, त्यामुळे हा प्रयोग धरायचा नाही. पातेल्याला चिकटलेलं मेण अजून निघालेलं नाही.

हसू येतं, पण रोज सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावते. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. संध्याकाळी ते टेबल फडक्याने पुसत बसतात, जे एकतीसला जाणार आहे. जेवणाला बोलावलं तर घड्याळ दाखवतात. उजव्या हाताने करून तरी पाहा म्हटलं, तर म्हणाले, तुला बाबांबद्दल काय माहीत. मला खरंच माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. काही करता येत असेल तर करा.

---

२७ फेब्रुवारी

बारक्या,

फळी पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांत, एक आडवा, एक उभा.

पाण्याची शाई छान बसली. दोन प्रती वापरल्या, एक खाली आणि एक त्याच्यावर तीन थर सोडून. तुझी जाळी भिंतीच्या जागी घातली आहे, माझं बँडेज खालच्या कडेला. प्रदर्शनाआधी एकदा तुझ्या नजरेखालून जाऊ दे. काही चुकलं असेल तर सांग. तू सांगशीलच.

ताई

---

५ मार्च

ती. ताई,

काही चुकलं असेल तर, असं लिहितेस. सगळंच चुकलं आहे. तू कागद उलटा बसवलास.

एवढ्यासाठी मी प्रत्येक प्रतीवर सूचना छापली होती. ती सूचना फळीवर नाही. तो कोपरा कात्रीने कापलेला आहे, हे भिंगातून दिसतं. सूचना कापून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती गिऱ्हाइकं होती.

आता चुका क्रमाने सांगतो. स्क्वीजी उजव्या हातात गेली. गठ्ठा डावीकडे, रॅक उजवीकडे. खिसा डाव्या छातीवर, चारचौघांसारखा. घड्याळात सव्वानऊ. 'जपून हाताळा' सरळ वाचता येतं, म्हणजे काचेच्या पाटीचा सगळा मुद्दाच गेला. थोडक्यात, हे बाबा नव्हेत. कोणीतरी दुसरा माणूस सकाळी सव्वानऊला आमच्या दुकानात येऊन उभा राहिला आहे.

काम म्हणून विचारशील तर खोटं बोलणार नाही. दोन प्रतींमध्ये तीन थर सोडलेस, त्याने ठिपके दोन खोल्यांवर तरंगतात, आणि जरा डावीकडून पाहिलं तर स्क्वीजी हलल्यासारखी वाटते. माझी जाळी भिंतीच्या ओलीसारखी दिसते. मेणाचा पिवळा योग्य आहे. म्हणून तर जास्त चीड येते. इतकं चांगलं काम आणि उलटं.

फळी मी दुकानात फोटोशेजारी ठेवली आहे, चूक डोळ्यांसमोर राहावी म्हणून. एक प्रत तुझ्याकडे उरली आहे. तीवरून नवी कर. दहा दिवस आहेत. मेण लवकर थंड होतं असं तूच सांगितलं आहेस.

तुझा भाऊ

---

८ मार्च

ती. ताई,

मागच्या पत्राचं उत्तर अजून लिहिलं नसशील तर थांब.

काल शिंपी दुकानात आला. इतकी वर्षं मीच त्याच्याकडे जायचो, तो इथे पहिल्यांदाच आला, त्याची कॉलरमागची लेबलं घ्यायला. फोटो आणि फळी शेजारी शेजारी होती. तो दोन्हींकडे पाहत राहिला. मी त्याला बहिणीची चूक समजावून सांगायला लागलो, खिशापासून सुरुवात केली. तो म्हणाला, 'खिशाचं सोडा. खिसा गिऱ्हाईक सांगेल तिथे लावतो. पण पुरुषाच्या शर्टाची काजपट्टी डावीकडेच असते. तुमच्या या फोटोत ती उजवीकडे आहे. तुम्ही मला खिसा फिरवायला लावलात, काजं मी तुमचीसुद्धा कधी फिरवली नाहीत.' मग मेणाच्या फळीवर बोट ठेवून म्हणाला, 'हा शर्ट बरोबर शिवलेला आहे.'

लेबलं घेऊन तो गेला. मी भिंग घेऊन बसलो. काजं मोजली. पाच आहेत. फोटोत उजवीकडे, फळीवर डावीकडे. माझ्या अंगातल्या शर्टाची डावीकडे. चाळीस वर्षं मी हा फोटो पाहतो आहे. खिसा पाहिला, घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली, आणि काजं पाहिली नाहीत.

मला एकच विचारायचं आहे आणि उत्तर एका शब्दात हवं आहे. बाबा उजव्या हाताचे होते का?

तुझा भाऊ

---

१२ मार्च

बारक्या,

हो.

एका शब्दात मागितलंस, तो दिला. आता उरलेलंही वाच.

फोटो बाबांच्या एका मित्राने काढला होता. हौशी माणूस. घरीच फिल्म धुवायचा. फोटो मोठा करताना त्याने फिल्म उलटी घातली. आईने हातात घेताक्षणी ओळखलं. मी बारा वर्षांची होते, मला आठवतं, ती म्हणाली, हे काय, यांचा खिसा कुठे गेला? तो मित्र ओशाळला, म्हणाला, पुन्हा करून देतो. बाबा हसायला लागले. म्हणाले, 'राहू दे. मी रोज आरशात असाच दिसतो, माझी काही तक्रार नाही.' पुन्हा करून घ्यायचं राहिलंच. आठ महिन्यांनी बाबा गेले, आणि दुसरा फोटो नव्हता.

पुढचं तुला माहीत नाही. तू दहा वर्षांचा असताना एक दिवस मी ड्यूटीवरून घरी आले तर तू फोटो खाली उतरवला होतास, समोर पाट ठेवला होतास आणि डाव्या हातात मोजपट्टी धरून पाटावरून ओढत होतास. ओठ घट्ट मिटून. मी सांगायला पुढे झाले, तर आईने माझा दंड धरला. बाहेर नेऊन म्हणाली, 'त्याला त्याचे बाबा सापडलेत. तू मध्ये पडू नकोस.' मग तू दुकान काढलंस, बिजागऱ्या फिरवल्यास, खिसा फिरवलास. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. आई गेल्यावर तर मला वाटलं, आता कशाला. चांगलं चाललं आहे, कामाला नाव आहे, कोणाचं काय बिघडतं?

बिघडलं ते तुझ्या मनगटाचं. आणि तू दुकान बंद करतो म्हणालास तेव्हा माझी झोप उडाली. एका उलट्या फोटोपायी तू बाबांचं काम सोडणार, आणि ते मला माहीत असून मी गप्प बसणार, हे काही बरं नाही.

तोंडी सांगितलं असतं तर तू काचेची पाटी काढून मला खोटं पाडलं असतंस. म्हणून कागद उलटा बसवला. कोपराही मीच कापला. तू तपशिलाचा माणूस आहेस, म्हटलं तपशीलच तुला सांगतील. शिंपी मध्ये येईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्याला माझा नमस्कार सांग.

उरलेली प्रत मी फाडून टाकली आहे. फळी एकच आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. प्रदर्शन रविवारी उघडतं. टपालाने आता पोचायची नाही. घेऊन ये.

ताई

---

१९ मार्च

बारक्या,

नीट पोचलास ना? फळीला भोक न पाडता ती कशी टांगायची यावर तू बाईंना पाऊण तास सांगितलंस, ते त्यांनी वहीत लिहून घेतलं आहे. फळी आडवी सरळ आहे का ते पाहायची पाणपातळी सोबत घेऊन येणारा पाहुणा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तुझ्यामुळे बाकीच्या अकराही फळ्या खाली उतरवून सरळ कराव्या लागल्या. ते आजोबा अजून तुझी आठवण काढतात.

तुला एक सांगायचं राहिलं. लोक जरा कमी झाले तेव्हा तू एकटाच बाबांसमोर उभा होतास. मी मागच्या खुर्चीवर होते, तुला वाटलं मी चहा आणायला गेले. तुझा हात हलत होता. आधी पुढे, मग खाली, मग थांबून पुन्हा. हवेतच.

उजवा होता.

मी काही बोलले नाही, कारण चाळीस वर्षांपूर्वी आईने धरलेला दंड मला अजून आठवतो. पण आता विचारते. एकतीसचं काय ठरवलंस?

ताई

---

४ एप्रिल

ती. ताई,

उत्तराला उशीर झाला. कामात होतो.

आधी एका गोष्टीचा निकाल लावतो. पंधरा दिवस मी हाच विचार करत होतो की मी फसलो कसा. दुसरा कोणताही दहा वर्षांचा मुलगा त्या फोटोसमोर आरशासमोर उभा राहावा तसा उभा राहिला असता. चित्रातला हात आपल्या उजवीकडे आहे, तर त्याने आपला उजवा उचलला असता. आणि काही न कळता बरोबर शिकला असता. मी उभा राहिलो आणि विचार केला. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, म्हणून मी डावा उचलला. म्हणजे चूक फोटोची होती, तर्क माझा बरोबर होता. हे तू मान्य करशील अशी अपेक्षा आहे. बायकोने केलेलं नाही. ती म्हणते, जरा कमी अक्कल असती तर मनगट वाचलं असतं.

एकतीसला पलीकडच्या गल्लीतला छपाईवाला दोन माणसं घेऊन टेबल न्यायला आला. तोवर बिजागऱ्या मी फिरवून बसवल्या होत्या, गठ्ठ्याची फळी डावीकडे, रॅक उजवीकडे. तो म्हणाला, अरे वा, तुम्हीच सरळ करून ठेवलंत. मी म्हटलं, 'सरळ झालंय म्हणूनच आता देणार नाही.' त्याच्या माणसांना चहा पाजून परत पाठवलं. एक चौकट दिली त्याला, रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून.

उजव्या हाताबद्दल. पहिले दहा छाप कोणाला दाखवण्यासारखे नाहीत. हात जातो, पण दाब कुठे सोडायचा ते त्याला माहीत नाही. डावा कोपऱ्यात बसून सगळं पाहतो आणि त्याला शिकवतो, तो ऐकत नाही, माझ्यासारखाच. तू सांगितल्याप्रमाणे एका वेळी पन्नासच ओढतो, मग थांबतो. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे मी जानेवारीतच सांगितलं होतं. मी म्हटलं, तुम्ही कारण दिलं नव्हतं.

जेवायला आता एक वाजता बसतो. जेवण गरम असतं, हे मला ठाऊक नव्हतं. नवीन पातेलं आणलं.

फोटो जिथे होता तिथेच आहे. काढवेना. त्याच्या शेजारी खिळा ठोकून ठेवला आहे, प्रदर्शन उतरलं की फळी तिथे यायची. दोघे जोडीने बसतील. कोण खरा हे गिऱ्हाइकांनी ठरवावं.

शिंप्याकडे गेलो होतो. तो मोठ्या आनंदाने म्हणाला, मग आता खिसा डावीकडे? मी नाही म्हणालो. खिसा उजवीकडेच राहील. बाबांचा नसेल तर नसेल. तीस वर्षं मी वापरला, आता तो माझा आहे.

सोबत एक लेबल पाठवतो आहे. फळी परत पाठवशील तेव्हा पुठ्ठ्यांवर चिकटव, आडव्या पुठ्ठ्यावर, उभ्या नव्हे. 'जपून हाताळा'. अक्षरं बाबांच्या पाटीवरूनच घेतली, सरळ वाचता आली म्हणून. पहिली सेहेचाळीस फेकून दिली, हे सत्तेचाळिसावं. 'ळ'चा एक डोळा शाईने थोडा भरला आहे. दिसतं आहे मला, तू लिहायची गरज नाही.

छापून झालं तेव्हा घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून सोळा मिनिटं झाली होती. एक मिनिट उशीर. उद्या सुधारतो.

तुझा
बारक्या